नागाला दूध पाजा म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

नागपंचमी जवळ आली की तो मेसेज फिरायला लागतोच. "पावसाळ्यात नाग उपाशी असतो, त्याला दूध पाजा, तो तृप्त होतो आणि घराला सर्पभय राहत नाही, यामागे शास्त्र आहे." यंदा तो फॅमिली ग्रुपवर आत्याने टाकला, वर लिहिलं की गेटवर गारुडी आला तर पोरांच्या हाती वाटीभर दूध पाठवा. म्हणून लिहितेय.

अहो, नाग अंड्यातून येतो, उंदीर-बेडूक गिळतो, दुधाशी त्याचा संबंध काय? दूध त्याला पचतच नाही. "पण मी स्वतः पिताना बघितलंय!" बघितलं असेल की. त्याला आधी कित्येक दिवस टोपलीत पाण्याशिवाय कोंडलेलं असतं, मग तहानेने व्याकूळ झालेला जीव पुढ्यात येईल ते पितो, दूध काय नि ताक काय. ते श्वासनलिकेत, फुफ्फुसात जातं आणि बरेच नाग त्यातच मरतात. विषदंत तर आधीच उपटलेले असतात, कधी तोंडही दोऱ्याने शिवलेलं. त्यात आपण फण्यावर हळदकुंकू टाकणार, सापाला पापण्या नसतात, डोळे मिटणार कसे त्याने?

पुंगीवर डोलणं म्हणाल तर पुंगी जिकडे हलते तिकडे तो स्वतःला वाचवायला फणा वळवतो, बस. नागमणी आणि सूड यावर मी बोलणारच नाही.

एक मान्य, पावसात बिळात पाणी शिरतं आणि साप बाहेर पडतात. त्या दिवशी जमीन खणू-नांगरू नये हा नेम त्यामुळे मला पटतोही. पण त्यातून दुधाची वाटी कुठून निघाली?

आणि शेवटी ते नेहमीचं, "आपल्याच परंपरा बंद पाडतात". कुठली परंपरा? आमची आजी पाटावर चंदनाने नाग काढायची, दूध-लाह्या, दुर्वा, आघाडा वाहायची, चिरायचं-तळायचं नाही म्हणून पुरणाची दिंडं उकडायची. जिवंत नाग तिने पुजेला कधी आणला नाही, आणि आत्या, तू तिचीच लेक ना गं?

शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, २०२२ च्या दुरुस्तीने नाग पहिल्या अनुसूचीत गेलाय, म्हणजे पकडणाऱ्याला ३ ते ७ वर्षं कैद होऊ शकते. गारुडी गरीब असतो हे कळतं मला, त्याला जेवायला घाला, पण नागासाठी पैसे देऊ नका. टोपली दिसली की वनविभागाच्या १९२६ नंबरला फोन करा, आणि तो मेसेज डिलीट करा आधी.