नखाएवढी चिप आली तरी फायबर लागेलच

चवथीपासून आमच्या डिचोली-सत्तरीतल्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतोय: नखाएवढ्या चिपमधून सेकंदात हजार सिनेमे उतरतात, हे इंटरनेट दोन वर्षांत घरोघरी येणार, त्याला लेझर नको, केबल नको, मग पंचायतीने फायबरसाठी, म्हणजे काचेच्या तंतूच्या केबलसाठी, रस्ता खोदू का द्यावा? मी उच्च माध्यमिकला पदार्थविज्ञान शिकवतो. बाकीचं सोडून दिलं असतं, पण त्या शेवटच्या प्रश्नापायी एखाद्या वाड्यावरची फायबर खरोखर अडेल, म्हणून लिहितोय.

मुळात प्रयोग खरा आहे. २०२० साली मेलबर्नमध्ये अशा चिपच्या प्रकाशावरून सेकंदाला ४४.२ टेराबिट (एक टेराबिट म्हणजे लाख कोटी बिट) माहिती पाठवली गेली. हजार सिनेमांचा हिशेब तिथला. पण ती माहिती गेली ७६.६ किलोमीटर फायबरमधून, तीही शहरात आधीच घातलेल्या! ‘केबल नको’ म्हणायला आधार घेतला तोच प्रयोग केबलवर उभा आहे.

‘लेझर नको’ हेही चूक. इथे जरा थांबू, कारण खरं नवल इथेच आहे. विजापूरच्या गोलघुमटाच्या सज्ज्यात भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं, की आवाज भिंतीच्या कडेकडेने पलीकडच्या माणसाच्या कानाशी पोचतो. चिपवर काचेचं एक बारीक कडं असतं, त्यात प्रकाश असाच फिरत राहतो. मेलबर्नच्या कड्यात सेकंदाला सुमारे ४८.९ अब्ज फेऱ्या. फिरता फिरता तो साठतो आणि इतका तीव्र होतो की काचेचा अपवर्तनांकच, म्हणजे काचेत प्रकाश किती मंदावतो याचं मापच, त्याच्यामुळे बदलू लागतो. हा केर परिणाम. मग एकाच रंगाचे दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, जाऊन त्यांच्या जागी एक जरा वरच्या आणि एक जरा खालच्या वारंवारतेचा, म्हणजे जरा वेगळ्या रंगाचा, फोटॉन येतो. हे पुढे पुढे होत गेलं की सारख्या अंतरावरच्या रंगांची रांग लागते, फणीच्या दातांसारखी. तिथे दोन दातांमधलं अंतर होतं ४८.९ गिगाहर्ट्झ (सेकंदाला ४८.९ अब्ज), म्हणजे फेऱ्यांचाच आकडा. मात्र कड्यात पहिला रंग सोडायला लेझर लागतोच. या चिपने ८० रंगांसाठी लागणाऱ्या ८० लेझरांचं काम एका लेझरवर आणलं, आणि हे फार मोठं काम आहे.

‘चिपच इंटरनेट देते’ असंही संदेशात आहे. फणीचा प्रकाश कोरा असतो. त्यावर माहिती चढवायला मोड्युलेटर लागतात, वाटेत ॲम्प्लिफायर, पलीकडे रिसीव्हर. मेलबर्नमध्ये हे सगळं चिपच्या बाहेर होतं. शिवाय ४४.२ ला ८० ने भागा: एका रंगाच्या वाट्याला अर्ध्या टेराबिटहून थोडंच जास्त येतं.

कुणी डेन्मार्कमधला २०२२ चा सेकंदाला १.८४ पेटाबिटचा (एक पेटाबिट म्हणजे हजार टेराबिट) प्रयोग पुढे करतात. त्या फायबरला प्रकाश वाहून नेणारे ३७ गाभे होते आणि लांबी ७.९ किलोमीटर. आपल्या रस्त्याकडेच्या फायबरला गाभा एकच.

राहिली ‘दोन वर्षांत घरी’ची गोष्ट. प्रकाशफणीच्या तंत्राला नोबेल मिळालं २००५ मध्ये, सूक्ष्म कड्यातली फणी जर्मनीत दाखवली गेली २००७ मध्ये. तिची जागा आहे डेटा सेंटरमध्ये, शहरा-शहरांमधल्या मोठ्या जोडण्यांत, अचूक घड्याळांत. घरातल्या राउटरला ८० रंग घेऊन करायचं काय?

आपला वेग अडतो तो शेवटच्या टप्प्यात. गेल्या आषाढात आमच्या वाड्यावर माडाचं चुडत पडलं आणि खांबावरची केबल तुटली. दुरुस्तीला आलेला मुलगा गडग्यावर यंत्र मांडून बसला, मी वर छत्री धरली. त्याने आवरण सोललं, केसाएवढी काच स्पिरिटने पुसली, कापली. छोट्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर आली, आत जेमतेम नऊ मायक्रॉनचा गाभा. क्षणभर ठिणगी, आणि सांधा. पावसाचे तुषार आत गेले म्हणून पहिले दोन सांधे फुकट गेले होते. तिसरा बसला तेव्हा शेजारची पोर घरातून ओरडली, ‘काका, आलं!’ तिचा ऑनलाइन वर्ग दोन दिवस बुडाला होता.

तीच केबल जमिनीखालून असती तर चुडताने तुटली नसती. येत्या ग्रामसभेत फायबरचा ठराव आला तर चर कुठून जाणार, किती खोल, आणि पावसाआधी नीट बुजवून रस्ता पूर्ववत करणार कोण, हे जरूर विचारा. चिप येतेय म्हणून ठराव मात्र अडवू नका.