पॉश ट्रेनिंगबद्दलचा तो मेसेज पुढे पाठवू नका

आमच्या घरच्या ग्रुपवर पॉशबद्दल, म्हणजे कामाच्या ठिकाणी बाईचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून केलेल्या २०१३ च्या कायद्याबद्दल, आलेला एक मेसेज वाचून, नुकतीच ट्रेनी म्हणून लागलेली माझी भाची मला विचारते, "मावशी, त्या पॉशच्या ट्रेनिंगला सही करू की नको?" मेसेज म्हणतो: हे ट्रेनिंग कायद्यात कुठेच नाही, हजेरीची सही केली की कंपनी हात झटकते, ट्रेनी आणि प्रोबेशनवरच्यांना कायदा लागू नाही, पुरुषाचं न ऐकताच त्याला काढतात, आणि तक्रार सिद्ध झाली नाही तर बाईचीच नोकरी जाते. खाली "प्रत्येक मुलीपर्यंत पोहोचवा" अशी विनंती. लोकांनी पोहोचवलाही!

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो वाचून मुली गप्प बसतील. २०१३ च्या कायद्याचं कलम १४ खोट्या तक्रारीबद्दल आहे, हे खरं. पण ते लागू होतं ते तक्रार खोटी आहे हे माहीत असून केली असेल, द्वेषाने केली असेल किंवा बनावट कागद दिले असतील तर. त्याच कलमात पुढे स्पष्ट लिहिलंय की केवळ तक्रार सिद्ध करता आली नाही किंवा पुरेसा पुरावा देता आला नाही, एवढ्यावरून तिच्यावर कारवाई व्हायचं कारण नाही. द्वेषबुद्धी होती हेसुद्धा चौकशी करूनच ठरवावं लागतं. बंद केबिनमध्ये साहेब काय बोलला याचा साक्षीदार कुठून आणायचा? म्हणूनच ही तरतूद आहे. मेसेज लिहिणाऱ्याने कलमाचा अर्धा भाग उचलला आणि उरलेला गाळला. अशाने एखादी मुलगी तीन महिने घाबरून गप्प राहिली, तर तक्रारीची मुदतच उलटून जाते. अशा तक्रारींची चौकशी करणारी कंपनीची अंतर्गत समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण त्यासाठी कारण पटवून द्यावं लागतं.

ट्रेनी आणि प्रोबेशनचं तर बोलायलाच नको. कायद्यातली कर्मचाऱ्याची व्याख्या काढून बघा: रोजंदारीवरची, कंत्राटदारामार्फत आलेली, बिनपगारी, प्रोबेशनवरची, ट्रेनी, अप्रेंटिस, सगळ्या त्यात आहेत.

ट्रेनिंग कायद्यात नाही म्हणे. कलम १९ मध्ये ठरावीक काळाने कार्यशाळा आणि जागृतीचे कार्यक्रम घेणं हे मालकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. कर्तव्य टाळलं तर कलम २६ प्रमाणे ५०,००० रुपयांपर्यंत दंड. हां, रुजू झाल्यावर इतक्या दिवसांत, इतके तास, असं कायदा सांगत नाही, एवढं मान्य. आणि पुष्कळ ठिकाणी ट्रेनिंग नावापुरतंच असतं, हेही मान्य. आवाज बंद करून स्लाइड पुढे ढकलायच्या, शेवटच्या प्रश्नांची उत्तरं शेजारच्याला विचारायची, सर्टिफिकेट एचआरला मेल करायचं. पण यावर उपाय नीट ट्रेनिंग मागणं हा आहे. सहीने तर कुणाचाच हक्क जात नाही.

पुरुषाचं ऐकत नाहीत म्हणणाऱ्यांनी गोवा विद्यापीठाच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा १२ मे २०२३ चा निकाल वाचावा. समितीने चौकशी घाईत उरकली, आरोपी प्राध्यापकाला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही, म्हणून न्यायालयाने त्यांची बडतर्फी रद्द केली आणि चौकशी पुन्हा करायला सांगितली. त्याच निकालात समितीच्या सदस्यांना प्रशिक्षण द्या, कर्मचाऱ्यांसाठी नियमित कार्यशाळा घ्या, असे आदेश आहेत. न शिकलेली समिती तक्रारदार आणि आरोपी दोघांचंही नुकसान करते. मेसेजवाल्याला पुरुषांची खरंच काळजी असती, तर त्याने ट्रेनिंग जास्त मागितलं असतं.

तेव्हा मुलींनो, ट्रेनिंगला बसा आणि तिथेच विचारा: अंतर्गत समितीच्या अध्यक्ष कोण, बाहेरच्या सदस्य कोण, तक्रार कुठल्या मेलवर करायची? कामाच्या ठिकाणी दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार लेखी द्यावी लागते, पण स्वतःला लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीवर बंधनकारक आहे.