‘साहेब व्हायला भितात’ या मेसेजबद्दल खुलासा

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर सध्या फिरतंय: ‘खान्देशी माणूस कामाला वाघ, पण साहेब करतो म्हटलं की शेपूट घालतो.’ हे खरं नाही. 1936 साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरने भरवून दाखवलं. पुढारपणाचं वावडं असतं तर ते झालंच नसतं.

बढती नाकारणारे आहेत, हे मात्र मान्य. एमआयडीसीतल्या एका पाइपाच्या कारखान्यात मी वीस वर्षं काढली. आमचा एक फिटर नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलं का ते सांगायचा. सुपरवायझर हो म्हटलं, तर म्हणाला, “मले नको भो.” भीती? छे, हिशेब. 1948 च्या कारखाने अधिनियमाने जादा तासांना दुप्पट दर ठरवला. पण देखरेखीच्या पदांना कामाच्या तासांच्या तरतुदींतून वगळायची मुभाही त्याच कायद्याने राज्य सरकारला दिली. म्हणजे पगार दोन हजारांनी वाढणार, ओव्हरटाइम बंद, आणि रात्री दोनला मशीन थांबलं की फोन यालाच. शिवाय कालपर्यंत ज्यांच्यासोबत एका डब्यात भरीत नि कळण्याची भाकरी खाल्ली, त्यांचीच रजा नाकारायची. माणसं कशी सांभाळायची ते कोणी शिकवत नाही, सहीचा अधिकारही वरच राहतो. (खुर्ची मिळते, तीही बहुधा डुगडुगती.)

दोन वर्षांनी नव्या मॅनेजरने रजामंजुरीचा अधिकार आणि पाळीभत्ता दिला. तोच फिटर सुपरवायझर झाला. मेसेज पुढे ढकलायचाच असेल, तर एवढी भर घालून ढकला.