तिसऱ्या अंतऱ्याचे बारा वाजले

"काका, तुमच्या मांडीवरची नकोय ना तुम्हाला? लेबल लाल आहे तिचं."

महिन्यापूर्वीचा रविवार, पुण्यातला जुना बाजार. मी मंगळवार पेठेतल्या उन्हात उकिडवा बसलेलो, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात भिंग, मांडीवर एलपी, म्हणजे गाण्यांची मोठी काळी तबकडी. समोर उभ्या बाईंनी काका म्हटल्याचा राग नाही. म्हणजे आहे, पण त्याचा नंबर नंतर.

आधी माझा आजार सांगतो. माझ्याकडे एकच गाणं सात वेळा आहे. हिच्या मते ते एक गाणं आहे आणि मी सात वेळा फसलोय. मला विचाराल तर ती सात गाणी आहेत. एकात सुरुवातीची सतार छाटलीय, एकात मधलं संगीत अर्धंच आहे, एकात शेवट हळूहळू विरण्याऐवजी कोणीतरी दार आपटल्यासारखा तुटतो. सिनेमात गाण्याला तीन अंतरे आणि सातही तबकड्यांवर दोनच. गाण्याचं नाव सांगणार नाही, भाव वाढेल.

ही कापाकापी जुनी आहे. ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. गाणं लांब असलं की एक तर अंतरा उडे, नाहीतर गाणं दोन बाजूंवर विभागलं जाई. नायिका विरहाने अर्धमेली, आणि आपण उठून तबकडी उलटतोय, सुई बदलतोय, चावी भरतोय. विरहसुद्धा कष्टाने ऐकावा लागे. कित्येकदा सिनेमासाठी एक आणि तबकडीसाठी वेगळं, असं दोनदा ध्वनिमुद्रणही होई. बरं, नावाचाही भरवसा नाही. १९४९च्या 'महल'मधलं 'आयेगा आनेवाला' लताबाईंनी गायलं, आणि सुरुवातीच्या तबकडीवर गायिका म्हणून छापलंय 'कामिनी'. कामिनी हे सिनेमातल्या पात्राचं नाव! ती तबकडी माझ्याकडे नाही. विषय बदलू.

तर माझ्यासारख्याच एका आजाऱ्याने कानात सांगितलं होतं, की माझ्या गाण्याचा तिसरा अंतरा एलपीच्या अगदी पहिल्या छपाईत आहे. ओळखायचं कसं? पाकीट तेच, लेबलही तेच. शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीत बारीक मॅट्रिक्स नंबर, म्हणजे छपाईच्या साच्याचा क्रमांक, कोरलेला असतो, तो वाचायचा. म्हणून बॅटरी, म्हणून भिंग. गाणं दुसऱ्या बाजूला, पण मी शिस्तीत पहिलीपासून सुरुवात केली होती. शिस्त नडली.

आणि घासाघीसही नडली. सहाशेवरून साडेचारशेवर आणायला मी म्हणालो होतो, "चाचा, घासलीय हो पार. वाजायची नाही." आणि नको असल्यासारखा चेहरा केला होता. तो चेहरा बाईंनी खरा मानला.

"बघतोय अजून," मी म्हटलं.

बाईंनी पर्समधून रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड काढलं आणि माझ्या मांडीवरच लेबलाला लावून पाहिलं. "मरून आणि टेराकोटाच्या मधला. परफेक्ट! मागूनही काळीच असते ना?"

"मागे गाणी असतात."

"अय्या, दोन्हीकडून?"

"दोन्हीकडून."

"मला एकच बाजू दिसणारे. कॅफेचं काम आहे, सत्तर लागतील. तुमच्या घरी असतील ना अशा पडलेल्या?"

"पडलेल्या नाहीत. उभ्या ठेवलेल्या आहेत."

"स्क्रॅच असल्या तरी चालेल. उलट बरं दिसतं."

आता मात्र मी कळवळलो. म्हटलं, "अहो, हिच्यावर तिसरा अंतरा असू शकतो."

बाईंनी तबकडी उन्हात धरली, तिरकी केली, नखाने खरवडून पाहिलं. "निघेल ना? थिनरने?"

मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात त्यांनी चाचाच्या हातात आठशे रुपये ठेवले. घासाघीस नाही, काही नाही. मी चाचाकडे पाहिलं. चाचा शांतपणे म्हणाला, "तुम्हीच बोलला ना साहेब, वाजणार नाही. त्यांना वाजवायचीच नाही."

विनोद बाजूला ठेवून सांगतो, हे वाईट आहे. भिंतीवाल्यांनी भाव असे चढवलेत, की ऐकणाऱ्याने आता फक्त हाताळावं. फोनवर ऐका म्हणतात. फोनवर एकच गाणं पाच अल्बमांत सापडतं, आणि पाचही ठिकाणी तेच दोन अंतरे. सहाव्या ठिकाणी वरून ठोकलेले झंकार बीट्स! कुठल्या आवृत्तीत काय कापलं, याची सरळ यादी मला आजवर कुठे मिळालेली नाही. असते ती आमच्यासारख्यांच्या वहीत, आणि वही कधी रद्दीत जाईल याचा नेम नाही. हिने दिवाळीत दोनदा विचारलंय.

काल त्या कॅफेत गेलो. दीडशे रुपयांची कॉफी घेतली, कारण नुसतं भिंतीकडे बघत बसू देत नाहीत. ती सापडली. घड्याळ झालंय तिचं. मधल्या भोकातून काटे काढलेत, पहिली बाजू बाहेर, आणि जो नंबर मी त्या दिवशी अर्धा वाचला होता, नेमका त्याच्यावर सोनेरी सहाचा आकडा डकवलाय. खुर्चीवर चढून भिंग लावलं, तर शेजारच्या टेबलावरची मुलं फोटो काढायला लागली. मी उतरलो.

वेटर पोरगा सज्जन होता. "काही हवंय का, सर?"

म्हटलं, "हे जरा उतरवून, मागच्या बाजूला काय आहे ते बघता का?"

तो स्टुलावर चढला, घड्याळ उलटं केलं, नीट निरखून पाहिलं.

"सेल आहे, सर. पेन्सिल सेल."