पैसे घ्यायला पिन कशाला?

ऑनलाइन फसवणुकीवरच्या तुमच्या लेखात ओटीपी कोणाला सांगू नका म्हटलंय, बरोबरच आहे. पण आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत ओटीपी मागतंय कोण! मागच्या हंगामात मी बॅटरीवरचा जुना फवारणी पंप ऑनलाइन विकायला टाकला, १८०० रुपयांना. दहा मिनिटांत फोन. 'मिलिटरीत आहे, गावी भावासाठी पाहिजे.' घासाघीस नाही, पंप पाहणं नाही. तिथंच मनात पाल चुकचुकली. मग व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड आला. 'दादा, स्कॅन करा अन् पिन टाका, पैसे जमा होतात.' स्कॅन केला तर स्क्रीनवर 'पे' अन् खाली १८००. म्हणजे जाणार होते माझ्याच खात्यातून! यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, शिल्लक बघताना लागतो. घेताना कधीच नाही.

शेजारच्या काकांनी मात्र 'पेमेंट झालं'चा स्क्रीनशॉट बघून दोन बोकडं गाडीत चढवून दिली. वावरात रेंज नव्हती, मेसेज रात्री येईल म्हणे. असा फोटो कोणीही बनवतो. आपल्या खात्यात रक्कम दिसेस्तोवर माल हलवू नका, गिऱ्हाईक कितीही घाई करो. अन् फसलात तर त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. काकांनी लाजेपायी आठ दिवस घालवले.

माझा पंप शेवटी बाजाराच्या दिवशी गेला. नगदी, १५०० ला.