म्हणे, दर आठवड्याला होतं!

सकाळी भाच्याने फॅमिली ग्रुपवर रील टाकलं. अमेरिकन कॉलेज फुटबॉलचे शेवटच्या सेकंदाचे चमत्कार, एकामागोमाग एक, मागे ढॅणढॅण म्युझिक. खाली प्रश्न: "मामा, तुमच्याकडे हे दर आठवड्याला होतं ना?"

दर आठवड्याला! अरे, बहुतेक सामन्यांचा निकाल तासभर आधीच लागलेला असतो. शेवटी जिंकत असलेल्या टीमचा क्वार्टरबॅक (बॉल हाताळणारा मुख्य खेळाडू) वेळ काढायला गुडघा टेकवतो, घड्याळ संपतं आणि पब्लिक पार्किंगकडे पळतं. असे शेकडो रटाळ सामने कोणीतरी बसून बघतं, तेव्हा तुमचं रील बनतं.

30 नोव्हेंबर 2013. मी अलाबामा राज्यातल्या ऑबर्न विद्यापीठात एमएस करत होतो. थँक्सगिव्हिंगची सुट्टी, आम्ही देशी पोरं टीव्हीसमोर. आमच्याच मैदानावर ऑबर्न विरुद्ध अलाबामा विद्यापीठ, 28-28. वेळ संपली असं वाटलं, पण अलाबामाचे कोच निक सेबन एका सेकंदासाठी अडून बसले. रिव्ह्यू झाला, सेकंद मिळाला. "आता ओव्हरटाइमच," म्हणत आमचा रूममेट आमटीला फोडणी द्यायला उठला.

त्याचंही काय चुकलं? अलाबामाची 57 यार्डांची किक. गोलपोस्टमधून गेली तर अलाबामा जिंकणार, हुकली तर ओव्हरटाइम. तिसरं काही होत नाही, कारण हुकलेली किक बहुतेक वेळा मैदानाबाहेरच जाते. ही आखूड पडली. एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, मागे उभ्या ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने ती झेलली आणि दुसऱ्या टोकाकडे सुटला. किकच्या वेळी मैदानावर असतात अवाढव्य लाइनमन. ते काय पकडणार त्याला? अख्खं मैदान पार, टचडाउन, म्हणजे सहा पॉइंट. 34-28, ऑबर्न जिंकलं, खेळ खलास.

किचनमध्ये मोहरी जळाली, स्मोक अलार्म कोकलायला लागला, आणि हा झारा हातात घेऊन विचारतोय, "काय झालं?" रिप्ले त्याने इतका पाहिलाय की कॉमेंट्री पाठ आहे. तरी विचारलं तर आजही सांगतो, "मी नाही बघितलं." रिप्ले बघणं म्हणजे सामना बघणं नव्हे, हे कळतं त्याला. रीलवाल्यांना नाही कळत.

हो, त्याच मैदानावर दोन आठवडे आधी जॉर्जियाविरुद्ध असाच चमत्कार झाला होता, बचाव करणाऱ्यांच्याच हाताला लागून उडालेला बॉल ऑबर्नच्या पोराला मिळाला होता. मान्य. म्हणून काय रोज होतं? 1982 मध्ये कॅलने (कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली) स्टॅनफर्डविरुद्ध पाच लॅटरल (बाजूला किंवा मागे दिलेले पास) करत, मैदानात घुसलेल्या बँडमधून धावत टचडाउन केला, त्यावर लोक अजून बोलतात. शारजातला मियाँदादचा सिक्सर आपल्या वडिलांच्या पिढीला अजून खुपतो. दर आठवड्याला होणारी गोष्ट एवढी वर्षं खुपते का?

आणि खरा राग कशाचा आला सांगू? रीलमध्ये ती किक हुकलेल्या अलाबामाच्या किकरवर हसणारे इमोजी टाकलेत. ॲडम ग्रिफिथ. पोलंडच्या अनाथाश्रमातून दत्तक आलेला पोरगा, नेहमीच्या किकरचा दिवस वाईट गेला म्हणून ऐनवेळी पाठवलेला. आम्ही ऑबर्नवाले त्या दिवशी नाचलो, पण त्याच्यावर हसावंसं मला कधी वाटलं नाही.

याच ग्रिफिथने जानेवारी 2016 मध्ये, क्लेमसनविरुद्धच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात 24-24 असताना, कोणाच्या ध्यानीमनी नसताना अलगद ऑनसाइड किक (बॉल आपल्यालाच परत मिळावा म्हणून मारलेली छोटी किक) मारली. बॉल अलाबामाला परत मिळाला, सामना फिरला, 45-40 ने जिंकले. अलाबामाचं कौतुक करायची मला हौस नाही, पण भाचेबुवा, पाठवायचंच असेल तर ते पाठवा. सामना पूर्ण बघा मात्र. चार तास लागतील.