सव्वादोन स्टार

घरी सगळे जमले होते आणि नुकत्याच पाहिलेल्या एका चित्रपटाबद्दल मी जरा रंगात येऊन सांगत होतो. दुसऱ्या वाक्यावर होतो. तेवढ्यात सोफ्याच्या कोपऱ्यातून, मोबाईलवरची मान न उचलता, मेव्हण्याने निकाल दिला, "स्लो आहे हो. सव्वादोन स्टार."

झालं. जमलेल्या मंडळींनी 'बरं झालं सांगितलंस, वेळ वाचला' अशा नजरेने त्याच्याकडे पाहिलं आणि विषय गाडीच्या इन्शुरन्सवर गेला. माझं तिसरं, चौथं आणि पाचवं वाक्य अजून माझ्याकडेच पडून आहे.

दोन नाही, अडीच नाही, सव्वादोन! त्यातला पाव कशाबद्दल, असं विचारलं तर म्हणाला, "पोस्टर छान होतं."

आता मेव्हण्याचा मान मोठा, शिवाय तो वयाने लहान, त्यामुळे दोन्ही बाजूंनी आपले हात बांधलेले. पण सव्वादोन हा आकडा काही केल्या गिळवेना. म्हणून इन्शुरन्सची चर्चा भरात असताना मी त्याच्या शेजारी सरकलो.

"कुठे पाहिलास रे?"

"अर्धा फोनवर, अर्धा टीव्हीवर. जमेल तसा, दाजी."

"किती वेळ लागला?"

"दीड तासाच्या आत उरकला."

चित्रपट 2 तास 12 मिनिटांचा आहे. म्हणजे 132 मिनिटं. मी मनात आकडेमोड करतोय तोवर त्यानेच खुलासा केला, "दीडपट स्पीडने लावला होता. आता एकपटीने कोण बघतं?" बरोबर. 132 भागिले दीड, 88 मिनिटं.

"दीडपटीने पाहिलास आणि तरी स्लो म्हणतोस?"

"तेच तर म्हणतोय मी! दीडपटीनेसुद्धा स्लो. मग मुळात किती स्लो असेल, विचार करा."

या युक्तिवादाला उत्तर नाही. मी शोधलं, नाही.

खरं तर हा माणूस शंभर वर्षं उशिरा जन्माला आला. मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवायचे, त्यामुळे चित्रीकरणाचा वेगच मुळात कमीजास्त असायचा. त्यात दिवसाला एखादा खेळ जास्त बसावा म्हणून काही ठिकाणी प्रोजेक्टर मुद्दाम जोरात पळवला जायचा. मेव्हणा तिथे शोभला असता. 1920 चं दशक संपता संपता बोलपट आले आणि हा उद्योग बंद पडला, कारण फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी बसली. वेग वाढवला की भारदस्त नायक चिमणीसारखा बोलायला लागायचा आणि चोरी पकडली जायची. म्हणून सेकंदाला 24 फ्रेम हा वेग कायमचा ठरला. 35 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला बरोबर 90 फूट पळते ती त्या हिशोबाने. आवाज म्हणजे वेगावर बसवलेला पहारेकरी होता. आताच्या सॉफ्टवेअरने त्यालाच फितवलंय. वेग दीडपट झाला तरी आवाजाचा सूर मूळच्या जागी आणून ठेवला जातो, त्यामुळे काही बिघडलंय असं कानाला वाटतच नाही. बिघडतं ते बोलण्याच्या मधल्या जागेत. उत्तर द्यायला नायिका तीन सेकंद घेते, ती दोनच घेते आणि तिचा नकार नुसता उर्मटपणा होऊन बसतो. मिनिटाला 60 ठोक्यांची अंगाई 90 ठोक्यांवर जाते. त्या चालीवर बाळ झोपणार नाही, परेड करेल.

हे सगळं मी त्याला सांगितलं नाही. सांगायला वेळ मिळालाच नाही, कारण तो आता पटकथेवर घसरला होता.

"आणि दाजी, स्क्रिप्ट पूर्ण गंडलीय. ती बाई शेवटी पत्र फाडते ते का? काही कारण नाही, संदर्भ नाही. आलं मनात, फाडलं."

"त्याच्या आधी ती दाराशी बसलेली असते, तो शॉट पाहिलास ना?"

"हां, तो. काही होतच नव्हतं, म्हणून पुढे ढकलला."

"किती पुढे?"

त्याने हवेतच अंगठा चार वेळा आपटून दाखवला. दहा-दहा सेकंद पुढे नेणारं ते बटण असतं ना, ते. तो शॉट साधारण चाळीस सेकंदांचा आहे. म्हणजे एक सेकंदसुद्धा वाया न घालवता या गृहस्थाने नेमका तेवढाच शॉट उपसून बाहेर काढला. संकलकालाही इतकं बेमालूम कापता आलं नसतं. त्या चाळीस सेकंदांत काय आहे? बाई हातात बंद पाकीट घेऊन बसली आहे. जिन्यावर पावलं वाजतात. तिच्या दारापाशी थांबतात. मग वरच्या मजल्यावर निघून जातात. बस. पत्र फाडायचं तिथे ठरतं.

मी त्याला हे सगळं साभिनय करून दाखवलं, पावलांच्या आवाजासकट. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग हे तिला तोंडाने बोलायला काय झालं होतं?"

"बोलून दाखवायचं असतं तर—"

"आणि बोलतात तेव्हा तरी कुठे बोलतात? पुटपुटतात. साठवर आवाज ठेवला तरी कळेना, आणि मध्येच एक दरवाजा आपटला तर शेजारचे बघायला आले."

इथे मात्र मी नरमलो, कारण ही तक्रार खोटी नाही. फक्त तिचा पत्ता चुकलाय. चित्रपटाचा आवाज 5.1 पद्धतीने, म्हणजे पाच स्पीकर आणि एक घुमणाऱ्या आवाजाचा डबा अशा मांडणीसाठी, मिसळतात तेव्हा संवाद बहुतांश मधल्या चॅनेलमध्ये ठेवतात. थिएटरात तो पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतो. घरच्या टीव्हीला मधला स्पीकरच नसतो. असतात ते दोन, तेही बऱ्याचदा खाली किंवा भिंतीकडे तोंड केलेले. मग मधल्या चॅनेलचा आवाज साधारणपणे 3 डेसिबलने उतरवून डावी-उजवीकडे वाटून देतात, आणि तिथे आधीच पार्श्वसंगीत मांडी घालून बसलेलं असतं. शिवाय कुजबुज आणि दरवाजा यांच्यातलं अंतर मोठ्या हॉलसाठी ठरवलेलं. उपाय आहेत. ॲपच्या ऑडिओ मेनूत 5.1 ऐवजी स्टिरिओ, म्हणजे दोन स्पीकरचा आवाज, निवडायचा. मग निदान माणसाने कानाने ऐकून केलेलं मिश्रण मिळण्याची शक्यता असते. टीव्हीच्या साउंड मेनूत नाइट मोड किंवा तशाच नावाची सोय असते, ती मोठा आवाज दाबते आणि बारीक वर उचलते. साउंडबारला स्वतंत्र मधला चॅनेल असेल तर तेवढाच दोन-तीन घरं वाढवायचा. पाच मिनिटांचं काम आहे. पण पाच मिनिटांत दीडपटीने साडेसात मिनिटांचा चित्रपट बघून होतो, तेव्हा कोण करणार!

"बरं, कॅमेरावर्क तरी आवडलं का?"

"कसलं हो! एक तर वर-खाली काळ्या पट्ट्या. पैसे पूर्ण स्क्रीनचे मोजलेत, मग पट्ट्या का बघायच्या? मी झूम करून टाकला."

काळी पट्टी म्हणजे फसवणूक, अशी समजूत असलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत. मेव्हणा त्यांचा पुढारी म्हणायला हरकत नाही. रुंद चित्रपटाची चौकट 2.39 ला 1 असते, टीव्हीची 16 ला 9, म्हणजे 1.78 ला 1. रुंदी पूर्ण दाखवायची तर उंचीचा पाव भाग रिकामा राहणारच. तो भरायला झूम केलं की चित्राच्या रुंदीतला पाव भाग दोन्ही कडांनी गळतो. दोन माणसं टेबलाच्या दोन टोकांना बसून बोलत असली की उरतं टेबल. त्यावरही त्याची तक्रार होतीच: "मध्ये पंधरा मिनिटं तर कॅमेरा नुसता टेबल दाखवतो." चौकट बदलणं हा कथेचा भाग असतो हे तर यांच्या गावीच नाही. दिग्दर्शक वेस अँडरसनच्या 2014 च्या 'द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल'मध्ये काळ बदलतो तशी चौकट बदलते. तो या माणसाने झूम करून पाहिला तर सगळे काळ एकदमच आटोपतील.

"आणि पिक्चर दिसतो किती स्वस्तातला! एकदम सिरीयल. बजेट नसणार."

हा घाव वर्मी बसला. टीव्ही नवा घेतला की कारखान्यातून येतानाच त्यात हालचाल गुळगुळीत करणारी सोय बहुधा चालू असते, आणि तिच्यामुळेच चित्रपट सिरीयलसारखा दिसतो. कुणी तिला मोशनफ्लो म्हणतं, कुणी ट्रूमोशन, कुणी ऑटो मोशन प्लस. बारसं वेगळं, खोड एकच. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेमचा, पडदा 120 वेळा ताजा होणारा. सरळ हिशोबाने प्रत्येक फ्रेम पाच वेळा दाखवली की भागतं. पण ही सोय पूर्ण जोरात असली तर टीव्ही एकच फ्रेम खरी दाखवतो आणि तिच्या व पुढच्या फ्रेमच्या मधल्या चार स्वतःच्या मनाने रचतो. हलत्या हाताभोवती धुरकट कडा दिसते ती या कल्पनाविलासाची. म्हणजे मेव्हण्याने टीव्हीवर जे पाहिलं त्यातल्या पाचांतल्या चार फ्रेम कुठल्याही कॅमेऱ्याने टिपलेल्या नव्हत्या. त्या टीव्हीने केल्या, नापास छायालेखक झाला. 2018 च्या डिसेंबरात टॉम क्रूझने दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅकक्वारीसोबत एक व्हिडिओ करून 'हे बंद करा' म्हणून जगाला विनवलं. 2019 मध्ये फिल्ममेकर मोड जाहीर झाला, जो हा सगळा चावटपणा एका फटक्यात बंद करतो. तो मोड टीव्हीत नसेल तर पिक्चर सेटिंगच्या पोटात ॲडव्हान्स्ड किंवा एक्स्पर्ट असं काहीतरी असतं, त्यात मोशन शोधायचं आणि बंद करायचं. बऱ्याच टीव्हींवर हे दर इनपुटला आणि एचडीआरला, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणाऱ्या चित्राला, वेगळं करावं लागतं. एकदा बंद केलं म्हणून पुन्हा दिसणार नाही या भ्रमात राहू नये.

"मी एकटाच म्हणतोय का?" तो म्हणाला आणि त्याने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "बघा. 62 टक्के! काठावर पास."

रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरची टक्केवारी म्हणजे परीक्षेचे मार्क, हा गैरसमज आता बहुधा पिढीजात झालाय. तिथे 62 टक्के म्हणजे दर शंभर समीक्षकांतल्या 62 जणांनी अनुकूल लिहिलं. किती अनुकूल, ते त्या आकड्यात नाही. शंभरच्या शंभर जणांनी तोंड वाकडं करून 'ठीक आहे, दहात सहा' म्हटलं तरी 100 टक्के लागतात. उलट साठ जण वेडे झाले आणि चाळीस जण उठून गेले तरी मिळतात 60. आता तुम्हीच सांगा, यातला कुठला आधी बघावा? मला विचाराल तर दुसरा. आयएमडीबी या दुसऱ्या संकेतस्थळाचा आकडाही मतांची साधी सरासरी नसते, त्यात वजनं लावलेली असतात. आणि 1979 पासून सिनेमास्कोअर ही अमेरिकेतली पाहणी संस्था चित्रपटांना ए, बी अशी जी अक्षरं देते ती पहिल्या रात्री थिएटरात आलेल्या प्रेक्षकांची मतं. ही मंडळी मुळात आवडायला म्हणूनच आलेली असतात, त्यामुळे तिथे बी मिळणं म्हणजे निर्मात्याची झोप उडणं.

स्टारांची कथा तर आणखी जुनी. 1928 साली न्यूयॉर्कच्या डेली न्यूजमध्ये आयरीन थिरर यांनी चित्रपटांना स्टार द्यायला सुरुवात केली तेव्हा मोजून तीनच स्टार होते. तीन म्हणजे उत्तम, शून्य म्हणजे फारच वाईट. पुढे त्यांचे चार झाले, पाच झाले, अर्धे झाले. पाव स्टारचा शोध आमच्या घराण्याचा.

एक गोष्ट मान्य करतो. कंटाळा येणं हा प्रेक्षकाचा अधिकार आहे आणि खरंच रटाळ चित्रपट ढिगाने निघतात. 'आवडला नाही' म्हणा, कुणाची हरकत नाही. पण हल्ली चित्रपटाबद्दल बोलणं म्हणजे सहा-सात शिक्के आहेत, ते कुठेही मारायचे. 'वन टाइम वॉच.' 'डोकं बाजूला ठेवून बघा.' 'बीजीएम (म्हणजे पार्श्वसंगीत) कडक.' 'सेकंड हाफ ढेपाळतो.' घरी बसून, मध्यंतराशिवाय, अर्धा फोनवर पाहिलेल्या चित्रपटाचा सेकंड हाफ कुठून सुरू होतो हे मला एकाने तरी दाखवावं. चार्जर लावला तिथून? आणि संताप याचाच येतो, की कुणीतरी जिन्यावरची ती पावलं कुठल्या बुटांची, कुठल्या लाकडावरची, दाराशी थांबताना किती दबकी, हे ठरवत आठवडे घालवलेले असतात. त्याचं नाव शेवटी येतं तेव्हा ॲप श्रेयनामावली आक्रसून कोपऱ्यात ढकलतं आणि पुढच्या चित्रपटाची उलटी गिनती सुरू करतं. पुढचं आपोआप सुरू होणं बऱ्याच ॲपमध्ये प्रोफाइलच्या सेटिंगमधून बंद करता येतं. नावं आक्रसणं मात्र दर वेळी रिमोट घेऊन स्वतः थांबवावं लागतं, आणि त्यासाठी मिळतात जेमतेम पाच-सात सेकंद.

म्हणून माझी मागणी एवढीच, की मत देणाऱ्याने मताआधी तपशील द्यावा. पडदा केवढा, वेग किती, चौकट पूर्ण की झूम, पुढे किती ढकलला, मध्ये डोळा लागला होता का. लागला असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. अंधाऱ्या खोलीत सगळ्यांनाच लागतो. फक्त घोरत असताना जो भाग झाला, त्याचे स्टार कापायचे नाहीत.